साडूंची टेप आणि पंधराची फ्रेम

आमच्या साडूंइतका वाईट दुकानदार निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या मुलखात दुसरा सापडणार नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. दारात आलेलं गिऱ्हाईक माल न देता परत पाठवणं हा त्यांचा मुख्य धंदा. सायकली विकणं हा जोडधंदा. मी स्वतः दुकानदार आहे. डोक्यावर तांब्या-पातेल्यांची पाटी घेऊन आठवडी बाजार केले, मग सायकलच्या कॅरियरला बोचकं बांधून केले, आणि आज निपाणीत माझं दोन शटरांचं भांड्यांचं दुकान आहे. तेव्हा दुकानदारी कशाला म्हणतात हे मला कोणी शिकवायला नको. गिऱ्हाईक पंचा मागायला आलं तरी त्याच्या गळ्यात बादली मारावी, याला दुकानदारी म्हणतात. आणि भाव केल्याशिवाय मी स्वतः कधी काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही. पूर्ण भाव मोजायची नामुष्की माझ्यावर आयुष्यात एकदाच आली, आणि ती ज्याने आणली तो परका नव्हता. माझ्या बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

साडू मूळचे वडगावचे, विणकराच्या घरातले. चार माग होते, ते भावाला देऊन यांनी बेळगावच्या शहापुरात सायकलचं दुकान टाकलं. उंच, काटक, आणि मागाच्या खडखडाटात लहानाचे मोठे झाल्यामुळे आवाज असा, की ते कानात काही सांगायला लागले तर पलीकडच्या गल्लीतला माणूस "काय म्हणालात?" म्हणून वळून बघतो. गळ्यात कायम शिंप्याची टेप. लग्नाला जाताना सोन्याची साखळी राहील, पण टेप राहत नाही. माणूस भेटला की लोक तोंडाकडे बघतात. साडू आधी पायाकडे बघतात आणि तिथून वर येतात, बहुतेकदा मांडीपर्यंतच. त्यामुळे नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. "काल तो एकतीस इंची मास्तर आलता" असं ते सहज बोलून जातात. आमच्या पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा सगळे मुलाचं शिक्षण, पगार, शेती विचारत होते. पाहुणे गेल्यावर मी साडूंना विचारलं, "कसा वाटला मुलगा?" ते म्हणाले, "चांगला हाय की. सतराची फ्रेम." एवढ्यावर त्यांनी स्थळ पास केलं. संसार उत्तम चालला आहे, हे मान्य करायला हवं.

माप घेण्याची त्यांची पद्धतही त्यांच्यासारखीच. गिऱ्हाइकाला चप्पल काढून भिंतीला पाठ लावून उभं करायचं, दोन पायांमध्ये काहीतरी आडवं धरून ते वर जाईल तितकं वर न्यायचं, आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडायची. मोबाईलवरच्या व्हिडिओत यासाठी जाड पुस्तक वापरतात म्हणे. साडूंना ते पटलं नाही. "सरस्वतीला पायात घालू व्हय?" असं म्हणून त्यांनी लाटणं वापरायला काढलं. पहिल्यांदा घरातलं नेलं, तेव्हा मेव्हणीने दोन दिवस चपात्या केल्या नाहीत. मग ते माझ्याकडे आले आणि एक सागवानी लाटणं घेऊन गेले. मी त्याचे पूर्ण पैसे लावले. नातं गल्ल्याच्या अलीकडे आणलं की दुकान बसतं, हे माझं तत्त्व आहे. साडूंनी पैसे मोजून दिले आणि लाटण्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यांनी गिऱ्हाइकं कशी घालवली याच्या गोष्टी सांगायला बसलो तर मला ताप येईल. एकदा बँकेचे मॅनेजर आले. पैसे काढूनच आले होते, काळी चकचकीत सायकल पसंत होती. साडूंनी त्यांना दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं केलं, वाकून दांड्यावर चार बोटं ठेवून बघितली आणि शांतपणे कानडीत म्हणाले, "अळती सरि इल्ल्री, साहेब." माप बरोबर नाही. डोंगरातल्या सायकलीवर दोन्ही पाय जमिनीला टेकून उभं राहिलं की दांडा आणि माणूस यांच्यात चार बोटं हवा पाहिजे, नाहीतर ज्या दिवशी घसराल त्या दिवशी मला शिव्या द्याल, असं त्यांनी समजावलं. साहेबांच्या मापाची नव्हती, तीन आठवडे थांबायला सांगितलं. साहेब थांबतील कशाला? गुंजीकडचा एक शेतकरी आला, हा शेतावर, धाकटा भाऊ कारखान्यात. दोघांना सारख्याच दोन सायकली द्या आणि काहीतरी कमी करा म्हणाला. हा माणूस म्हणतो, "धाकल्याला देतो. तुमची नंतर. तुमचं पाय लांब हायीत." एका वेळी दोन सायकली जात असताना एक धरून ठेवणारा दुकानदार मी तरी बघितलेला नाही. लोक वाढत्या अंगाच्या पोरासाठी एक माप मोठी मागायला येतात, त्यांना ते सांगतात, "अंग वाढलं की या." असं असूनही दुकान चालतं कसं, हे मला कोडं आहे. गेलेला माणूस वर्ष-दोन वर्षांनी पाठ धरून परत येतो आणि मान खाली घालून भिंतीला उभा राहतो, असं ऐकून आहे.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सायकल चालवायला सांगितली. मी म्हटलं, चालवायचीच तर दणकट चालवू, जाड टायरची, गिअरवाली, डोंगरातली. शहापुरात गेलो. एकाच सायकलीचे तीन नग उभे होते: पंधराची फ्रेम, म्हणजे पंधरा इंची, मग सतराची, एकोणीसची. मी भाव विचारला. तिन्हींचा एकच! मला आधी खरं वाटलं नाही. आमच्या धंद्यात भांडं वजनावर जातं. मोठ्या पातेल्याला जास्त पैसे, लहानाला कमी. इथे मोठी घ्या नाहीतर लहान घ्या, पैसे तेवढेच. मग ज्याच्या डोक्यात अक्कल आहे तो कुठली घेईल? मी एकोणीसच्या हँडलवर हात ठेवला आणि म्हणालो, "ही बांधा. आणि आता सांगा, साडूला किती कमी करणार?"

साडूंनी गळ्यातली टेप काढली. भिंतीकडे बोट केलं. चारचौघांत लाटण्याची शोभा नको म्हणून मी टाळत होतो, पण त्यांनी उभं केलंच. टेप सोडली, वाकून आकडा वाचला आणि मागावरच्या आवाजात ओरडले, "अठ्ठावीस! अण्णा, तुम्ही स्मॉल!"

गल्लीत ऐकू गेलं. निपाणीच्या बाजारात मला आजपर्यंत कोणी स्मॉल म्हटलेलं नाही. समोरचा पानवाला हसला, ते मी बघितलं. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "सीट खाली करा, झालं."

"सीट खाली आली म्हणून फ्रेम बारकी हुईत न्हाय अण्णा. हँडल तितंच ऱ्हातंय. लांब पसरून धरायला लागतंय, पाठ धरती."

"अहो, मोठं झाकण कुठल्याही पातेल्यावर बसतं!"

"बसतंय की. पण हलतंय."

मी खिशातून पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. म्हणालो, पैसे माझे, सायकल माझी, पाय माझे. त्यांनी नोटा उचलल्या, माझ्या खिशात परत घातल्या आणि वर खिसा थोपटला. "पंधराची घेणार असला तर बसा, चहा सांगतो. एकोणीसची न्हाय देत." रोख पैसे घेऊन गेलेला मी, साडूच्या दुकानातून, पैशांसकट हाकलला गेलो. चहाही न पिता.

दुसऱ्याच दिवशी मी कोल्हापूर गाठलं आणि एका दुकानात तासभर घासाघीस करून तसलीच एकोणीसची घेतली. काय सांगू, तिच्यावर बसलो की मागच्या जन्माची आठवण व्हायची. माझी पहिली सायकलही अशीच होती, भाड्याची, मोठ्या माणसाची. सीटवरून पाय पुरायचा नाही, म्हणून दांड्याखालून पाय घालून मारायची, आणि मागे पितळेचं बोचकं. मोठी सायकल आपल्याला नवीन नाही, असं मी मनाला सांगत होतो. पाठ दुखायची, ती वयामुळे. उतरताना कट्टा शोधायला लागायचा, तो रस्ता खराब म्हणून.

दसऱ्याला आम्ही सगळे शहापुरात जेवायला होतो. पुरणपोळी पानात पडली, आणि मी विषय काढला. कोल्हापुरात किती भाव पाडला ते सांगितलं. पाडलेला आकडा थोडा फुगवला, म्हणजे सायकल पडली त्यापेक्षा स्वस्त सांगितली. भाव पाडल्याची गोष्ट सांगताना थोडा फुगवायचाच असतो. साडू म्हणाले, "सायकल भारी मिळाली. पण तुमच्या मापाची न्हाय." तेवढं पुरे झालं. मी पान सोडून उठलो आणि सगळ्यांदेखत पैज लावली. साडूंची बहीण जांबोटीला दिलेली. दिवाळीनंतर नवा तांदूळ आला की ती सगळ्या गोताला जेवायला बोलावते. मी म्हणालो, "यंदा बायका गाडीतून येतील आणि मी माझ्या एकोणीसच्या सायकलवरून येईन. बेळगाव ते जांबोटी. पोचलो तर साडूंनी सगळ्यांपुढं गळ्यातली टेप काढायची आणि परत घालायची नाही. नाही पोचलो तर यांच्या दुकानातून पंधराची घेईन, छापील भावानं. तोंड उघडणार नाही."

बायको म्हणाली, "अहो, तोंड न उघडता तुम्ही कधी देवाला नारळ घेतला नाही." मेव्हणी म्हणाली, "दाजी, विचार करा." साडूंनी मात्र टेपेला हात लावून बघितला. माणूस गळ्यातल्या माळेला लावतो तसा.

ठरल्या दिवशी सकाळी मी शहापुरात पोचलो, तर साडू दारात उभे. हाताशी पंधराची सायकल, सीट जाईल तितकी वर काढलेली. "माझी दुरुस्तीला खोललीया," म्हणाले. मला इतका आनंद झाला! आयुष्यभर लोकांना मापाचं ज्ञान पाजळणारा माणूस चार इंच आखूड सायकलवर! पिरनवाडी गेली, किणयेकडचा चढ लागला, आणि मी त्यांना बोलायची एक संधी सोडली नाही. सीट वर काढूनही त्यांचे गुडघे हँडलला लागत होते; ते बाहेर फाकवून ते पायडल मारत होते. मी म्हणालो, "काय साडू, बेडूक कुठं निघाला?" ते म्हणाले, "जांबोटीला. भात खायला." सीटच्या नळीवर खाली एक लाल धागा बांधलेला दिसला. मी म्हणालो, "दृष्ट लागू नये म्हणून काय?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की." धापा टाकत होते, पण मागे राहत नव्हते. पुढेही जात नव्हते. बरोब्बर माझ्या मागे, पंधरा पावलांवर.

किणये सोडून झाडी दाट व्हायला लागली तिथे एक ओढा आहे. त्याच्या अलीकडे रस्ता उकरून खडी टाकली होती. मी उतारावरून आलो, आणि बाजूच्या भातातून पाच-सहा म्हशी रस्त्यावर आल्या. मी ब्रेक दाबला. सायकल थांबली. मग मी पाय खाली टेकवायला गेलो, आणि पाय खाली गेलाच नाही. म्हणजे गेला, पण जमीन आली नाही. त्या अर्ध्या क्षणात मला साडूंची ती चार बोटं आठवली. मी दांड्यावर आलो, आणि कुठे लागलं ते लिहिण्याची ही जागा नव्हे. तिथून सायकलसकट कडेच्या चिखलात गेलो. एक म्हैस थांबून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत मला पानवाला दिसला.

साडूंनी सायकल टाकली आणि धावत आले. मला उठवलं, हातपाय दाबून बघितले, मनगट फिरवून बघितलं. तो आवाज, जो गल्लीला पुरतो, त्यातला एक शब्द नाही. ओढ्यावर नेऊन माझा सदरा धुतला, पिळला, परत अंगात घातला. मग आपल्या पंधराच्या सायकलची कळ सैल केली, सीट खाली दाबली, आणि ती खाली येत येत बरोब्बर त्या लाल धाग्यावर थांबवली. "बसा," म्हणाले.

मी बसलो. पाय पायडलवर खाली गेला आणि गुडघ्यात किंचित वाक राहिला, जसा राहायला पाहिजे म्हणून ते सगळ्यांना सांगतात तसा. हात हँडलवर पडले, कोपरं आपोआप सैल. उतरून उभा राहिलो, दोन्ही टाचा जमिनीवर. खाली चार बोटं हवा. साठीला आलेल्या माणसाला सायकलवरून दोन्ही पाय जमिनीवर टेकले याचं काय वाटावं? मला वाटलं. धाग्याकडे बघितलं. वडगावच्या मागावरचा रेशमाचा धागा, दुहेरी गाठ मारून बांधलेला. अठ्ठावीस इंचांच्या हिशोबाने. घरी, आदल्या दिवशी.

"तुमची सायकल दुरुस्तीला नाही," मी म्हणालो.

"न्हाय."

"मग इतकं अंतर असं बेडकासारखं..."

"दोन सायकली हाताशी धरून कोण चालवतंय अण्णा? आणि गाडीत घालून आणली असती तर बायकांनी बघितली असती."

पुढचा रस्ता आम्ही असेच गेलो, मी पंधराच्या सायकलवर, ते एकोणीसच्या. आणि खरं सांगायचं तर ती एकोणीसची त्यांच्याखाली इतकी शोभत होती, की जणू मी कोल्हापूरला जाऊन त्यांच्यासाठीच घासाघीस केली होती. चढ होता, पण मला चढ वाटत नव्हता, याचाच मला राग येत होता.

जांबोटीची घरं दिसायला लागली तसे साडू उतरले. एकोणीसची माझ्यापुढे धरली. "घ्या तुमची. हितनं सपाट हाय. तुमच्याच सायकलवरनं आत जावा."

"आणि टेप?"

"टेप काढतो की. पैज ती पैज."

मी त्यांच्याकडे बघितलं. टेपेची गळ्यावर घासून पांढरी रेघ पडली होती. हा माणूस टेपेशिवाय दुकानात काय करणार होता? लोकांना नुसती सायकल विकणार? मला इतका संताप आला, की तसा दुकानातून हाकललं तेव्हाही आला नव्हता. फुकटचं मी आजवर कोणाचं घेतलं नाही. जे घेतलं ते भांडून घेतलं, दोन पैसे पाडून घेतलं, पण घेतलं ते माझं म्हणून. "गप चला पुढं," मी ओरडलो, आणि पंधराच्या सायकलवरून पायडल मारत थेट अंगणात गेलो.

सगळे बाहेरच होते. मेव्हणी म्हणाली, "अय्या, दाजी, सायकली बदलल्या काय?"

मी म्हणालो, "बदलल्या नाहीत. हरलो." बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तापबिप नव्हता. मग नव्या तांदळाचा भात तीनदा घेतला, कारण हरलेल्या माणसाला भूक जास्त लागते. टेप साडूंच्या गळ्यात होती, आणि ते वाढायला वाकले की ती माझ्या पानात लोंबत होती.

पुढच्या आठवड्यात मी शहापुरात जाऊन छापील भाव दिला. तोंड उघडलं नाही. मनात मात्र म्हणत होतो, साडू आहे, इतकं झालं, निदान एक रुपया तरी परत करेल, मानाचा रुपया. त्यांनी नोटा सारख्या केल्या आणि ड्रॉवर लावला. मी नुसतं घंटीकडे बघितलं. "घंटीचं वेगळं," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, तेव्हा त्यांनी भिंतीवर टांगलेल्या लाटण्याकडे बोट केलं. "हे आठवतंय न्हवं?" वर एकोणीसची त्यांनीच ठेवून घेतली. भाव न करता म्हणाले, "तुम्ही घेतली तेवढ्यालाच द्या." आणि दसऱ्याच्या पंगतीत मी फुगवून पाडलेला भाव अख्ख्या गोताला पाठ होता. तेवढ्यालाच द्यावी लागली. एका सायकलीच्या नादात दोनदा बुडालेला व्यापारी निपाणीत मी एकटाच असेन. ही माझी तक्रार आहे आणि मी ती लग्नात, बारशात, जो भेटेल त्याला सांगतो. सगळे हसतात. साडूही हसतात.

एक गोष्ट मात्र मी सांगत नाही, कारण ती मलाही उशिरा कळली. उन्हाळ्यात मेव्हणी आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "जांबोटीहून आल्यापासून यांचा उजवा गुडघा गेला, दाजी. जिना चढताना भिंतीला हात लावतात. तुम्हाला सांगू नको म्हणालेत." चार इंच आखूड फ्रेमवर तितका चढ चढलं की काय होतं, हे बेळगावात साडूंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक होतं? त्यांनी तीन माणसं याच कारणासाठी दुकानातून परत पाठवलेली मी बघितली आहेत.

आता मी महिन्यातून दोन रविवार सायकल गाडीच्या टपावर बांधून शहापुरात जातो. एकोणीसची दुकानात भिंतीवर टांगलेली असते. साडू ती पुसतात, चाकांत हवा ठेवतात, पण काढत नाहीत. मीही काढा म्हणत नाही. ते बाहेर येतात, माझ्या सीटची उंची टेपेने बघतात, जरी लाल धागा अजून तिथेच आहे, आणि एका हाताने सीट धरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालतात. डावा पाय नीट पडतो, उजवा जरा मागून येतो. मी मुद्दाम पायडल हळू मारतो. कोपऱ्यावर ते सीट सोडतात. मी काही बोलत नाही, कारण मला जे म्हणायचं आहे त्याचा भाव कसा करायचा ते मला येत नाही. वळणावर जाऊन मागे बघितलं, की ते अजून तिथेच उभे असतात, गुडघ्यावर हात ठेवून, डोळे बारीक करून माझी पाठ मोजत. आणि मग तो मागावरचा आवाज सगळी गल्ली ओलांडून येतो:

"अण्णा, कोपर सैल! सैल सोडा की जरा!"